नाव बदललं की लोक काय लिहितात आणि पुढे काय म्हणतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहरातल्या एका जुन्या, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या पुलाचं नाव बदलायचा प्रस्ताव आहे. हरकती-सूचना मागवल्या, त्यांचा ढीग पडला आणि त्यातल्या बहुतेक विरोधात आहेत. हा विरोध खरा किती, किती दिवस टिकेल आणि नवं नाव रुजेल का, हे आधी सांगता येतं का? दिशादर्शक फलकांचं काम आणि नामकरणाच्या प्रस्तावांवर आलेल्या हरकतींची छाननी ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतोय, म्हणून त्या अंगाने लिहितो. कुणाचं नाव द्यावं याच्यात मी पडत नाही.

पहिली गोष्ट, विरोधी अर्ज किती आले यावरून नावाचं भवितव्य कळत नाही. नाव रुजतं ते गरजेपोटी. तिकिटावर, गाडीच्या पाटीवर, पत्त्यात, उद्घोषणेत ते आलं आणि ते घेतल्यावाचून माणसाचं काम अडलं, की वर्षा-दोन वर्षांत जिभेवर बसतं. ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, त्या नावाची कोनशिला कितीही मोठी लावा, लोक जुन्याच नावाने हाक मारत राहतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिल्लीत आहे. १९९५ मध्ये कनॉट प्लेसचं नाव राजीव चौक झालं आणि बाहेरच्या वर्तुळाचं, म्हणजे कनॉट सर्कसचं, इंदिरा चौक. पाट्या लागल्या, आरडाओरडा झाला आणि लोक 'सीपी'च म्हणत राहिले. २००५ मध्ये तिथे मेट्रोचं स्थानक सुरू झालं आणि त्याला राजीव चौक हे नाव दिलं गेलं. आता गाडी बदलायची असली की दिल्लीकर 'राजीव चौकला उतर' म्हणतो आणि जिने चढून वर खरेदीला आला की 'सीपीत आहे' म्हणतो. एकच माणूस, एकाच दुपारी. त्याला यात काही विसंगती वाटत नाही, आणि ती नाहीच. इंदिरा चौकाच्या वाट्याला स्थानक आलं नाही, त्यामुळे ते नाव पाटीवरच राहिलं.

आपल्याकडचं व्हीटी बघा. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. नावाबद्दल मराठी माणसाच्या मनात किंतु असायचं कारण नव्हतं, पण तेवढ्याने ते रुजलं असतं असं मला वाटत नाही. गाडीच्या पाटीवर, इंडिकेटरवर, पासावर, तिकीट खिडकीवर ते रोज लाखो लोकांसमोर आलं, आणि 'व्हीटी'च्या जागी 'सीएसटी' असा तसाच आटोपशीर उच्चार मिळाला, म्हणून ते बसलं. २०१७ मध्ये 'महाराज' हा शब्द जोडला गेला आणि सीएसएमटी झालं. आज लोकलच्या डब्यात कान देऊन बसलात तर तिन्ही ऐकू येतील आणि बोलणाऱ्याच्या वयाचा अंदाज बांधता येईल. १८८७ मध्ये राणीचं नाव मिळाल्यावरही पुढे कित्येक वर्षं मराठी घरांत 'बोरीबंदर'च म्हणत. म्हणजे ज्या नावाला आपण मूळ नाव म्हणून कवटाळतो, ते बहुतेक वेळा आपल्या तरुणपणीचं नाव असतं.

इथे नाव मागणाऱ्यांची एक जुनी तक्रार येते, आणि ती रास्त आहे. पूर्ण नाव आदराने दिलं, लोकांनी त्याची आद्याक्षरं करून टाकली. हे टाळायचा कुठलाही उपाय मला सापडलेला नाही. नाव जितकं लांब, उपाध्या आणि पदव्या जितक्या जास्त, तितकी आद्याक्षरं नक्की. रोज दोनदा उच्चारायची गोष्ट माणूस दोन-तीन अक्षरांतच बसवतो. म्हणून प्रस्ताव मांडणाऱ्यांना मी सुरुवातीलाच विचारतो, रिक्षात बसताना माणूस यातला कोणता शब्द बोलेल? तो शब्द तुम्हाला चालणार असेल तरच पुढे जा. या प्रश्नावर बैठकीत हमखास शांतता पसरते.

आता शिकागोकडे वळू. सिअर्स टॉवर, ११० मजले, बांधली तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत. सिअर्स ही किरकोळ विक्रीची कंपनी. तिने नव्वदच्या दशकात तिथून आपली कचेरी हलवली, तरी नाव राहिलं. २००९ मध्ये विलिस या विमा दलालीतल्या कंपनीने तिथे जागा भाड्याने घेतली, करारात नाव मिळवलं आणि विलिस टॉवर झालं. शिकागोकर चिडले. खरं तर गंमत अशी की जुनं नावही दुकानदाराचंच होतं, त्यात इतिहास, बलिदान असलं काही नव्हतं. पण साडेतीन दशकांत ते कंपनीचं राहिलं नव्हतं, शहराचं झालं होतं. आणि विलिस म्हटल्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, इमारत तर मैलांवरून दिसते. आजही तिथला माणूस सिअर्सच म्हणतो. पुढे विलिस कंपनीच विलीनीकरणात गेली आणि तिचं स्वतःचं नाव बदललं. नावाचे हक्क विकत घेणाऱ्यांपुढे मी हा किस्सा मुद्दाम ठेवतो.

पैशाच्या नावांना एक शाप असतो, लोकांना त्याची किंमत ठाऊक असते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल युनायटेडचं मैदान सेंट जेम्सेस पार्क. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये क्लबने त्याचं स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना केलं. ती कंपनी क्लबच्या मालकाचीच. चाहत्यांनी ते नाव तोंडी घेतलं नाही. वर्षभरात एका कर्ज देणाऱ्या कंपनीने प्रायोजक म्हणून हक्क घेतले आणि पहिलं काम काय केलं, तर जुनं नाव परत लावलं. लोकांच्या प्रतिक्रियेचा बाजारभाव निघाल्याचं इतकं उघड उदाहरण दुसरं आठवत नाही.

आता तुमच्या ढिगाकडे. तो उघडून बसलात की पहिल्या तासात लक्षात येईल की अर्ध्याहून जास्त अर्ज एकाच मजकुराचे आहेत. छापील मसुदा, खाली सह्या वेगळ्या, कधी सह्यासुद्धा एकाच हाताच्या. बाजूने आलेल्या पत्रांचंही तेच. ही पत्रं फेकायची नसतात, पण ती मोजून मत कळत नाही. कोणाची किती संघटना आहे, एवढंच कळतं. ती एका गठ्ठ्यात बांधा आणि बाजूला ठेवा.

उरलेल्यांत दोन वाक्यं पुन्हा पुन्हा येतील. 'रस्त्यात खड्डे आहेत आणि यांना नाव सुचतंय' हे एक, आणि 'जनतेच्या पैशाची उधळपट्टी' हे दुसरं. पहिलं वाक्य नावाविरुद्ध नसतं, कारभाराविरुद्ध असतं. ते लिहिणारा माणूस तुमच्यावर आधीपासून नाराज आहे आणि नाव हे निमित्त मिळालंय. दुसऱ्या वाक्याला मी फारसं वजन देत नाही. पाट्या अशाही काही वर्षांनी बदलाव्या लागतात, त्यांचा खर्च अंदाजपत्रकात शोधावा लागतो इतका किरकोळ असतो. खरा खर्च पाट्यांचा नसतोच, तो लोकांच्या कागदपत्रांचा असतो, आणि त्याबद्दल लिहिणारे वेगळे असतात.

तेच अर्ज नीट वाचायचे. एका प्रस्तावावर पुलाच्या टोकाशी दुकान असलेल्या एका माणसाचा अर्ज आला होता, वहीच्या कागदावर, हाताने लिहिलेला. नावाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्याच्या परवान्यावर, बिलबुकावर, बँकेच्या खात्यावर, पुरवठादारांकडे पत्ता म्हणून पुलाचंच नाव होतं. त्याने चार प्रश्न विचारले होते: परवाना आपोआप बदलेल की अर्ज करावा लागेल, शुल्क पडेल का, जुन्या पत्त्याची पत्रं किती दिवस येतील, आणि दोन कागदांवर दोन पत्ते दिसले तर अडवलं गेल्यास कुणाकडे जायचं. त्या कागदावर मंजूर-नामंजूर काय लिहायचं हेच कुणाला सुचेना. मी ती हरकत समजत नाही, मला ती कामाची यादी वाटते. अशा दहा अर्जांतून सगळं नियोजन निघतं. त्यांना उत्तरं आधी दिलीत तर विरोधातली मोठी धार तिथेच जाते, कारण रस्त्यावर बोलणारे तेच असतात. दुकानदार, रिक्षावाले, कंडक्टर, पोस्टमन यांच्या तोंडून नाव दिवसातून शंभरदा निघतं. ते जे म्हणतील ते नाव.

त्यानंतर अवघड गठ्ठा. यात भाषा सभ्य असते, मुद्दे मुद्देसूद असतात, पण दुखणं वेगळंच असतं. परंपरा, अस्मिता, भूगोल, व्याकरण, काहीही पुढे केलं जातं. इथे मी एक साधी कसोटी लावतो. प्रस्तावित नाव खोडून त्या जागी अर्जदाराला प्रिय असेल असं एखादं नाव टाकायचं आणि अर्ज पुन्हा वाचायचा. मुद्दा तरीही उभा राहिला तर हरकत नामांतराला आहे. कोसळला तर हरकत त्या माणसाला, किंवा तो ज्या समाजाचा आहे त्या समाजाला आहे. समर्थकांच्या पत्रांनाही हीच कसोटी लावायची. तिथेही बरंच काही कोसळतं, आपल्याला एवढंच कळतं की नाव देण्यापेक्षा आधीचं नाव पुसण्यात रस होता.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. विरोध बोलला तो प्रादेशिक अस्मितेच्या भाषेत. घडलं काय, तर मराठवाड्याच्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. त्यातल्या बहुतेकांचा विद्यापीठाशी काडीचा संबंध नव्हता. नामांतराचा लढा सोळा वर्षं चालला आणि १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. 'नावात काय आहे' असं कुणी बैठकीत हसत म्हणालं की मी हा ठराव आणि या दोन तारखा सांगतो. आणि लोकमताचा आदर म्हणजे बहुमतापुढे मान तुकवणं, असं मानणाऱ्यांनाही. तेव्हा अर्ज मोजून निर्णय केला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

दुसऱ्या टोकाला देनाली आहे. अलास्कातलं हे उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर, २०,३१० फूट. १८९६ मध्ये एका सोनं शोधणाऱ्याने त्याला मॅकिन्ली म्हटलं. विल्यम मॅकिन्ली हे अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे राजकारणी, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, १९०१ मध्ये त्यांची हत्या झाली. ते अलास्कात कधी गेलेही नव्हते. तिथले मूळचे लोक देनाली म्हणत, गिर्यारोहकही म्हणू लागले. १९७५ मध्ये अलास्काने केंद्राकडे अधिकृत मागणी केली, आणि ओहायोचे प्रतिनिधी ती वर्षानुवर्षं अडवत राहिले. अमेरिकेच्या संसदेपुढे विधेयक पडून असेल तर भौगोलिक नावांचं मंडळ त्या नावाला हात लावत नाही, म्हणून ते दर वेळी एक विधेयक मांडून ठेवत. २०१५ मध्ये ओबामांच्या प्रशासनाने देनाली केलं, तेव्हा संताप ओहायोत झाला. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी परत मॅकिन्ली केलं, तेव्हा अलास्काच्या विधिमंडळाने देनालीच ठेवा असा ठराव केला. म्हणून माझ्या तक्त्यात अर्जदाराच्या नावापुढे मी अंतराचा रकाना ठेवतो. पुलावरून रोज जाणारा, शहरात राहणारा, आणि फक्त बातमी वाचून लिहिणारा. तिसऱ्याला बोलायचा हक्क आहे, पण तिघांना एका तराजूत तोलू नका.

सगळ्यात जड गठ्ठा मात्र वेगळाच आणि तो नेहमी लहान असतो. जुन्या नावाशी ज्यांचं आयुष्य बांधलेलं आहे, असे लोक. रशियातल्या लेनिनग्राडमध्ये १९९१ च्या जूनमध्ये मतदान घेऊन विचारलं, निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी सेंट पीटर्सबर्ग या जुन्या नावाला कौल दिला आणि सप्टेंबरमध्ये ते झालं. पण दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यातून जे वाचले होते, ज्यांनी उपासमारीत घरची माणसं गमावली होती, त्यांच्यासाठी लेनिनग्राड म्हणजे लेनिन नव्हता. ते त्यांच्या वेढ्याचं नाव होतं. विरोध करणारा प्रत्येक जण जुन्या राजवटीचा भक्त असतो, हे गृहीत इथे सपशेल चुकतं. भोवतालच्या प्रांताचं नाव लेनिनग्राडच राहिलं, विमानतळाचा संकेत अजून 'एलईडी' आहे. मुंबईच्या विमानतळाचाही 'बीओएम' आहेच, त्यावरून कुणी रस्त्यावर उतरल्याचं ऐकलं नाही. असे कोपरे जुन्या नावासाठी राहू द्यावेत. त्याने नव्या नावाचं काही बिघडत नाही.

उलट काही वेळा तोच तोडगा ठरतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर आठवडाही उलटला नव्हता आणि नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी फ्लोरिडातल्या केप कॅनावेरल या भूशिराचं केप केनेडी केलं. त्या शोकात विरोध करायला तोंड कुणाचं उघडणार? पण कॅनावेरल हे नाव तिथे काही शतकं चालत आलेलं होतं. दहा वर्षं कुरबुर चालली आणि १९७३ मध्ये भूशिराला जुनं नाव परत मिळालं. तिथलं अंतराळ केंद्र मात्र केनेडींच्या नावाने राहिलं. जमिनीला जमिनीचं नाव, संस्थेला माणसाचं. आज तिथे कुणी भांडत नाही. यातून घाईच्या प्रस्तावांबद्दलही काही कळतं. एखाद्या मोठ्या माणसाच्या निधनानंतरच्या दिवसांत विरोध दिसत नाही, कारण बोलणं वाईट दिसतं. तो नंतर येतो आणि रेंगाळतो. पॅरिसमध्ये फ्रान्सचे माजी अध्यक्ष द गॉल यांच्या निधनानंतर १९७० मध्ये एत्वाल चौकाला त्यांचं नाव दिलं. मेट्रोच्या स्थानकावर दोन्ही नावं जोडून लिहिली आहेत, आणि पॅरिसकर एत्वालच म्हणतो.

दोन नावं जोडून लिहायची असतील तर क्रमावर वाद होईल, त्याची तयारी ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रसिद्ध महाकाय खडकाला तिथले मूळचे लोक उलुरू म्हणतात, इंग्रजीत एअर्स रॉक. १९९३ मध्ये 'एअर्स रॉक / उलुरू' असं जोडनाव केलं. २००२ मध्ये क्रम उलटा करून 'उलुरू / एअर्स रॉक' झालं, आणि ही मागणी तिथल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेची होती. मधल्या नऊ वर्षांत जगाची जीभ वळली होती, कागद मागून आला. मला हा मार्ग आवडतो. वेळ लागतो, पण कुणाच्या हातून काही हिसकावल्यासारखं होत नाही.

सगळ्यात सोपं नामांतर ते, ज्यात नवं नाव आधीच लोकांच्या तोंडी असतं. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं प्रभादेवी झालं. तो परिसर प्रभादेवी म्हणून आधीच ओळखला जात होता, फक्त स्थानकाची पाटी बदलायची होती. थोडे दिवस दोन्ही चाललं, विनोद झाले, संपलं.

तुमच्या पुलासाठी आता नेमकं. नाव मंजूर झालं तर पहिल्या दिवसापासून बसच्या पाटीवर, थांब्यावर आणि उद्घोषणेत ते आणा, एकाच दिवशी. कोनशिला महिन्याने बसवली तरी चालेल. नेहमी उलटं होतं, समारंभ आधी आणि बसची पाटी वर्षाने, आणि मग लोक ऐकत नाहीत म्हणून ओरड. नकाशांच्या अ‍ॅपना अधिसूचनेची प्रत त्याच आठवड्यात पाठवा, आजकाल रिक्षावाल्याच्याही आधी ते विचारले जातात. फलकावर नवं नाव मोठं आणि खाली कंसात 'जुने नाव अमुक' हे किमान तीन वर्षं ठेवा. ते काढायची घाई समर्थकांना असते, त्यांना सांगा की परगावचा माणूस आणि रुग्णवाहिकेचा चालक, दोघांनाही तो कंस लागतो. नियंत्रण कक्ष आणि अग्निशमन दलाच्या यादीत तर जुनं नाव कायमच राहू द्या. तातडीने फोन करणारा माणूस पटकन तोंडात येईल तेच नाव सांगतो. जुनं नाव पुलाखालच्या थांब्याला किंवा शेजारच्या चौकाला देता येतं का, हे ठरावातच लिहून घ्या, नंतर कुणी लिहीत नाही.

आणि विरोधी अर्ज केलेल्या प्रत्येकाला उत्तर पाठवा. छापील 'आपली हरकत विचारात घेण्यात आली' नको. त्या दुकानदाराच्या चार प्रश्नांना चार उत्तरं, शुल्क आकारणार की नाही हे स्पष्ट लिहून, खाली संबंधित टेबलचा फोन नंबर.